कृष्णाकाठचा बिनदिव्याचा ट्रॅक्टर

कराडचं रेल्वे स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे. गावातून रिक्षा करून यायचं, तिकीट काढायचं आणि फलाटावरच्या बाकावर गाडीची वाट बघत बसायचं. गेल्या पौषात एका संध्याकाळी मी असाच बसलो होतो. भिलवडीच्या बाजूला नदीकाठच्या एका गावात जायचं होतं. तिथले आबा माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या खोडव्याच्या उसात पाचट ठेवून घेतलेला प्लॉट बघायचा होता. "मुक्कामालाच या सायेब, सकाळच्या पारी रानात जाऊ," असा त्यांचा निरोप होता.

ओगलेवाडी म्हटलं की आमच्या पिढीला प्रभाकर कंदील आठवतो. १९१६ साली ओगले बंधूंनी इथं काचेचा कारखाना काढला आणि पुढं इथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेडोपाडी घराघरांत जाऊन पोचला. माझ्या लहानपणी आमच्या घरी असाच एक कंदील होता. गूळ घेऊन बैलगाडी पेठेला निघाली की वडील तो साट्याखाली टांगायचे. गाडी हलली की उजेड हलायचा आणि चाकांच्या सावल्या रस्त्यावर फिरायच्या. मी एकदा विचारलं, "बैलांना दिसावं म्हणून का?" वडील म्हणाले, "बैलांना वाट पाठ असती. मागनं येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून."

हे बोलणं त्याच रात्री पुन्हा आठवण्याची वेळ येणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आगगाडीच्या खिडकीतून

गाडी आली. शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी एकेक स्टेशनं मागं पडू लागली. दिवस मावळत होता. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कुठं फड पडलेला, कुठं तोडकऱ्यांच्या कोप्यांपुढं चुली पेटलेल्या. बीडकडची माणसं दिवाळीपासून इथं आलेली असतात, ती उन्हाळा लागेपर्यंत राहतात. सागरेश्वरचा डोंगर अंधारात बुडत होता.

किर्लोस्करवाडी आली. १९१० साली औंधच्या महाराजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला तो इथं. निवडुंगाच्या त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. पुढं तोच नांगर शेतकऱ्यानं असा आपलासा केला, की लाकडी नांगर बघायलाही मिळेना. नव्या यंत्राची भीती ते हाताळल्याशिवाय जात नाही, एवढं खरं. लोखंडाची भीती गेली. आता वायरची उरली आहे.

भिलवडी स्टेशनवर उतरलो तेव्हा काळोख पडला होता. अमावास्या दोन दिवसांवर होती. आबांचा धाकटा मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता. स्टेशनपासून गाव लांब. आम्ही निघालो. नदीकाठचा गारवा, हवेत उसाच्या मळीचा वास आणि रस्त्यावर धुक्याची पातळ चादर.

उसाची भिंत

एक वळण घेतलं आणि मोटारसायकलच्या उजेडात एकाएकी समोर उसाची भिंत उभी राहिली. धाकट्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला साइडपट्टीवरच्या मातीत जाऊन थांबलो. पडलो नाही एवढंच. ती भिंत हळूहळू पुढं सरकत होती. दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि मागं ना तांबडा दिवा, ना काही. पुढं ट्रॅक्टरलाही दिवा नाही.

धाकट्यानं पुढं जाऊन ट्रॅक्टर थांबवला आणि एकदम गप्पच झाला. ट्रॅक्टरवर त्याचा थोरला भाऊ बसला होता.

"दादा, लाइट?"

"बॅटरी उतारलीया. लाइट लावली तर कारखान्यावर गेल्यावर ट्रॅक्टर चालू व्हायचा न्हाय. वाट पाठ हाय की माझी."

वाट पाठ हाय! मला वडिलांचं बोलणं आठवलं. वाट बैलांनाही पाठ होती, तरी गाडीला कंदील होता.

त्या रात्री आम्ही काय केलं, तर कारखान्याच्या फाट्यापर्यंत ट्रॅक्टरच्या मागं मोटारसायकल चालवली. धाकटा गाडी चालवत होता आणि मी मागं बसून येणाऱ्या वाहनांना टॉर्च हलवून दाखवत होतो. तेवढ्या वाटेत तीन मोटारसायकली आणि एक जीप आमच्या मागून आली. आम्ही नसतो तर, हा विचार माझ्या मनातून जाईना.

घरी जेवायला बसलो. गरम भाकरी आणि नदीकाठच्या मळीच्या वांग्याचं भरीत. एरवी मी त्या वांग्यासाठी दोन भाकरी जास्त खातो. त्या दिवशी घास उतरेना. मी झालेला प्रकार सांगितला. आबा म्हणाले, "चांदणं असलं की दिसतंय सगळं. ह्या चार रातीच वाईट."

तव्यावर भाकरी टाकणाऱ्या थोरल्या सूनबाई मागं वळून न बघताच बोलल्या, "मामंजी, माझा भाऊ गेला तवा चांदणंच हुतं."

घरात कुणी काही बोललं नाही. मागाहून धाकट्यानं मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वैनींचा धाकटा भाऊ रात्री मोटारसायकलवरून येताना उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळला होता. तेव्हापासून हंगामात वैनी रात्री झोपत नाहीत. ट्रॅक्टरचा आवाज आला की मगच पाठ टेकतात. आणि त्यांचाच नवरा रोज रात्री बिनदिव्याचा ट्रॅक्टर घेऊन जात होता.

मी आबांना म्हटलं, "उद्या खोडवा राहू दे. आधी ट्रॅक्टर बघू."

उतारावरचा ट्रॅक्टर

सकाळी ट्रॅक्टर बघायला परड्यात गेलो. १९७६ सालचा, आबांच्या वडिलांनी घेतलेला. रंग उडालेला, पण इंजीन ठणठणीत. तो उभा होता चढावर, तोंड उताराकडं करून आणि चाकाखाली दगड लावून. रोज सकाळी दगड काढायचा, गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, की चालू! त्या उताराच्या पायथ्याशी घरातली आणि शेजारची पोरं गोट्या खेळत होती. दगड एक दिवस सरकला तर काय होईल, ते मी सांगायला नको.

"किती दिवस असं चाललंय?" मी विचारलं.

"पुरापास्नं," आबा म्हणाले.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला जो महापूर आला, त्याची रेघ आबांच्या घराच्या भिंतीवर अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर. माणसं आणि जनावरं वेळेवर निघाली. ट्रॅक्टर राहिला. दोन दिवस तो बॉनेटपर्यंत पाण्यात होता. पूर ओसरल्यावर इंजिनाचं तेल बदललं, डिझेलची टाकी धुतली, डायनामो उघडून उन्हात वाळवला. ट्रॅक्टर चालू झाला. पण तेव्हापासून बॅटरी टिकेना. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. कधी बॅटरीतलं पाणी उकळून आटायचं, कधी बॅटरी उपाशी राहायची. तालुक्याच्या गावी एकानं सांगितलं, डायनामो जळालाय, काढून टाका. दुसऱ्यानं सांगितलं, ट्रॅक्टरच काढून टाका. थोरल्याच्या मनात कर्ज काढून नवा घ्यायचं येऊ लागलं होतं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिझेल इंजीन एकदा चालू झालं की त्याला बॅटरीची गरज उरत नाही. म्हणून चार्जिंग बंद पडलं तरी नांगरट चालते, ऊस वाहिला जातो, आणि खोट वर्षानुवर्षं लपून राहते. ती दिसते फक्त दोन वेळेला: ट्रॅक्टर चालू करताना आणि रात्रीच्या अंधारात.

विजेचा पाट

मी काही मेकॅनिक नव्हे. पण पाटाचं पाणी वाफ्यात येत नसेल तर शेतकरी काय करतो? वाफा उकरत बसत नाही. विहिरीपासून पाटाच्या कडेकडेनं चालत येतो आणि पाणी कुठं मुरतंय ते बघतो. ट्रॅक्टरची वीजही तशीच बघायची. डायनामो म्हणजे पंप. बॅटरी म्हणजे हौद. दोहोंच्या मध्ये एक डबी असते, तिला कटआउट किंवा रेग्युलेटर म्हणतात. त्या डबीत दोन कामं होतात. पंप बंद असताना हौदातलं पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून जसा व्हॉल्व्ह असतो, तसा कटआउट. आणि हौद भरला की दारं मोडून पाणी कमी करणारा गडी, तो रेग्युलेटर.

आबांची नात आठवीत आहे. तिच्या हातात मी मल्टिमीटर दिला आणि म्हटलं, "तू आकडे वाचायचे आणि वहीत लिहायचे." शे-पाचशे रुपयांची ही वस्तू, पण दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचवते.

आधी हौद बघितला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार फुलला होता. तो खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुतला, टर्मिनल घासून घट्ट केली, वरून व्हॅसलीन लावलं. हायड्रोमीटरनं सहाही कप्पे तपासले. सगळीकडं १.१५ च्या आसपास. चांगल्या भरलेल्या बॅटरीत हा आकडा १.२४ किंवा त्याहून वर असतो. पाच कप्पे चांगले आणि एकच मेलेला असता, तर बॅटरी गेली म्हणालो असतो. पण सहाही सारखेच खाली, म्हणजे बॅटरी आजारी नव्हती, उपाशी होती. मीटरवर ११.९ व्होल्ट आले. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते.

मग पट्टा. डायनामोचा पट्टा आतून चकचकीत झाला होता आणि अंगठ्यानं दाबला तर इंचभर आत गेला. तो अर्धा इंच दबेल इतका ताणला. याहून जास्त ताणू नये, डायनामोचं बुश जातं.

पोरांना परड्यातून बाहेर काढून, उतारावरून शेवटचा ट्रॅक्टर चालू केला. सपाटीला आणून हँडब्रेक ओढला, चाकाखाली ठोकळे दिले. आबांना उपरणं काढून ठेवायला सांगितलं, कारण फिरत्या पट्ट्याजवळ सैल कापड नको. इंजीन मध्यम वेगात ठेवून पोरीनं बॅटरीवर मीटर धरला. "अकरा पॉइंट नऊ." चार्जिंग होत असतं तर आकडा साडेतेराच्या वर चढायला हवा होता. म्हणजे पाण्याचा थेंबही हौदात पडत नव्हता. पट्ट्याची सैल ही सगळी गोष्ट नव्हती.

आता पंपाजवळ गेलो. जुन्या डायनामोला दोन टर्मिनलं असतात. जाड वायरचं 'डी', ते वीज देतं. बारीक वायरचं 'एफ', ते डायनामोतलं चुंबक जागं ठेवतं. इंजीन बंद करून दोन्ही वायरी काढल्या, खुणेला दोरा बांधला. 'डी' आणि 'एफ' एका उघड्या तारेनं जोडले. मीटरचं एक टोक त्या तारेला आणि दुसरं इंजिनाच्या घासलेल्या लोखंडाला लावलं. चालू करायला या वेळी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली. इंजीन सावकाश वाढवत नेलं.

"पाच... नऊ... तेरा... पंधरा!"

"बास!" मी इंजीन खाली आणलं. या तपासात आकडा विसाच्या आतच थांबवायचा, इंजीन रेमटवायचं नाही, नाहीतर चांगला डायनामो आपल्याच हातानं जळतो.

पंधरा व्होल्ट, आणि तेही अडखळत नाही, सरळ चढत गेलेले! जळालेला म्हणून काढून टाकायला निघालेला डायनामो धडधाकट होता. वाचकांनी हा हिशोब लिहून ठेवावा. या तपासात काहीच आकडा आला नाही, तर आधी ब्रश बघावेत. ते झिजलेले किंवा अडकलेले असतात. जेमतेम अर्धा-एक व्होल्ट आला, तर फील्डच्या कॉइलचा संशय. चार-पाच व्होल्टवर अडलं, तर आर्मेचरचा. ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर मळला असेल, तर बारीक काचपेपरनं साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, त्याची पूड फटीत बसून वीज भलतीकडे नेते.

पंप चांगला, हौद चांगला. मग पाट. तार काढून वायरी डायनामोला लावल्या आणि त्यांची दुसरी टोकं डबीवरून सोडवून, एकमेकांना जोडून तिथं मीटर धरला. तिथंही पंधरा. म्हणजे वायरही शाबूत. वायरी परत डबीला लावून इंजीन बंद केलं. डबीवरच्या 'ए' टर्मिनलवर बॅटरीची वीज येत होती. राहिलं एकच टर्मिनल: 'ई'. अर्थिंग.

दोन वायरी जोडलेला एक २१ वॉटचा बल्ब मी बरोबर ठेवतो. त्याचं एक टोक 'ए'ला आणि दुसरं स्वच्छ घासलेल्या लोखंडाला लावलं. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरं टोक लोखंडावरून काढून 'ई'ला लावलं. बल्ब विझत्या विडीसारखा तांबूस झाला.

"हितं पानी मुरतंय!" आबाच ओरडले.

डबी उतरवली. 'ई'ची वायर जिथं लोखंडाला आवळली होती, तिथं बोल्टखाली पुराचा गाळ वाळून गंज चढला होता. सहा ओळींची ही एवढी गोष्ट! डबीतल्या दोन्ही कॉइलींना काम करायला अर्थिंग लागतं. ते नीट मिळेना, म्हणून कटआउट कधी जोडला जायचा, कधी नाही. आणि जोडला गेला की रेग्युलेटरला भान नसायचं, मग बॅटरी उकळायची. डायनामो वाळवला, तेल बदललं, पण बोटभर वायरीकडं कुणी बघितलं नाही. त्या बोटभर वायरीनं दोन बॅटऱ्या खाल्ल्या होत्या.

वायरला नवी थिंबल लावली, जागा कोऱ्या लोखंडापर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. बॅटरीपासून चॅसीला जाणारी जाड पट्टीही तशीच साफ केली. ट्रॅक्टर चालू केला. इंजीन वाढवलं तसा डबीतून बारीक 'टक्' असा आवाज आला आणि अँपिअर मीटरचा काटा, जो कित्येक वर्षं उणेकडं कलून बसला होता, तो अधिककडं गेला. "तेरा पॉइंट चार," पोरगी म्हणाली. तासाभरानं तिनं पुन्हा मीटर धरला: "चौदा पॉइंट दोन."

दोन गोष्टी सांगून ठेवतो. डबीचे स्क्रू मीटर असल्याशिवाय फिरवू नयेत. ज्याला त्याला ते फिरवायचा मोह होतो. आणि वायरी सोडवण्याआधी आपल्या ट्रॅक्टरचं कोणतं टोक लोखंडाला जोडलंय ते बघावं. हा ट्रॅक्टर निगेटिव्ह अर्थिंगचा होता, पण जुन्या विलायती घाटाच्या काही ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह टोक लोखंडाला असतं. बॅटरीजवळ विडी-काडी तर नकोच. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

जमाखर्च

चार्जिंग सुरू झालं, पण मी थोरल्याला म्हटलं, "काम अजून निम्मंच झालंय. रात्री कारखान्यावर किती वेळ थांबता?"

"नंबर लागंस्तवर. कधी चार तास, कधी पहाट हुती."

"आणि इंजीन?"

"चालूच ठेवतो, हळू. बंद केलं तर परत चालू व्हायचं न्हाय म्हणून."

"दिवे, टेप?"

तो हसला. "टेप लागतोयच की, सायेब."

मग पोरीला वही काढायला लावली. वॉटला बारानं भागलं की अँपिअर येतात. पुढचे दोन दिवे ४५ वॉटचे, साडेसात अँपिअर. मागचा नांगरटीचा ३५ वॉटचा दिवा, तीन. ट्रॉल्यांच्या मागचे चार लहान दिवे लावले तर दीड-पावणेदोन. टेप आणि त्याचे मोठे कर्णे, चार-पाच. बेरीज सतराच्या घरात. आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत डायनामोची ताकद लिहिलेली ११ अँपिअर, तीही इंजीन चांगल्या वेगात असताना. हळू चालणाऱ्या इंजिनावर हा डायनामो काहीच देत नाही. कटआउट उघडा असतो.

"मिळकत अकरा आणि खर्च सतरा," आबा म्हणाले. "ह्या घरात तर असं कधीच झालं न्हाय."

त्यावर सूनबाईंना पहिल्यांदा हसू आलं.

मग घरच्यांनीच हिशोब बसवला. टेप आणि नांगरटीचा दिवा रस्त्यावर बंद. नंबरात उभं राहिल्यावर इंजीन बंद ठेवायचं, आता ते चालू होईल याची खात्री आहे. धाकटा पलूसला जाऊन ट्रॉल्यांसाठी एलईडीचे तांबडे दिवे घेऊन आला. ते वीज फार थोडी खातात, फक्त अधिक-उणे टोकं बघून जोडावे लागतात. ट्रॉलीला जाणारी वायर दोन ठिकाणी तुटली होती, ती नवी घातली. ट्रॉल्यांच्या मागं, उसाखाली झाकणार नाहीत अशा बेतानं तांबडे आणि बाजूंना पिवळे परावर्तक चिकटवले, कारण दिवा कधीतरी जाईल, पण परावर्तकाला बॅटरी लागत नाही. सगळ्याचा खर्च नव्या बॅटरीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी झाला.

पोरीनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: दर पंधरा दिवसांनी बॅटरीचं पाणी, टर्मिनल, पट्टा, दर महिन्याला इंजीन बंद असताना आणि चालू असताना व्होल्ट. आता ते काम तिचं. आबा म्हणाले, "दुधाच्या वहीशेजारी अडकव ती."

परतताना

संध्याकाळी ऊस भरून ट्रॅक्टर निघाला. सपाटीवर उभा होता. थोरल्यानं किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात चालू झाला. पुढचे दिवे लागले, मागचे लागले. सूनबाई दारात आल्या होत्या. ट्रॅक्टर गल्लीतून रस्त्याला लागला, वळला, ते चार तांबडे ठिपके उसाच्या रानाआड दिसेनासे होईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, उद्या माझ्या म्हायेरी जाऊन त्येंच्या ट्रॉलीचं पण बघून या." धाकटा हो म्हणाला.

खोडव्याचा प्लॉट दुसऱ्या दिवशी बघितला. पाचट चांगलं कुजलं होतं, ओल टिकली होती. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

परतीच्या गाडीला रात्र झाली. वाटेत एका फाटकाशी गाडीचा वेग कमी झाला. फाटकापलीकडं उसाचे ट्रॅक्टर ओळीनं थांबले होते. मला सवयच लागली होती, मी मोजले. सात ट्रॅक्टर. मागं दिवा असलेले तीन. बाकीच्या चौघांचं काय बिघडलं असेल? कुणाचा पट्टा सैल असेल, कुणाची वायर गंजली असेल, कुणाचा टेप मोठा असेल. त्या चौघांच्या घरीही कुणीतरी जागं असेल. आणि त्यांच्या मागून येणाऱ्या एखाद्या पोराच्या घरीही.

ओगलेवाडीला उतरलो. ज्या गावानं घरोघरी कंदील पोचवला, तिथल्या फलाटावर विजेचे लख्ख दिवे होते. आमच्या बैलगाडीला रॉकेलवर जळणारा एकच कंदील होता. वडील निघताना त्याची काच पुसायचे, वात कापायचे, मगच बैल जुंपायचे. ट्रॅक्टरलाही तेवढंच हवं आहे. निघण्याआधी मागं जाऊन एकदा बघा, तांबडा दिवा लागतोय का.